जुन्या निगेटिव्ह स्कॅन करताना धूळ आणि बुरशीचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोखंडी कपाटात, माळ्यावरच्या ट्रंकेत, स्टुडिओच्या पिवळ्या पडलेल्या पाकिटात ठेवलेल्या निगेटिव्ह आता अनेक घरांतून बाहेर निघताहेत. या निगेटिव्हनी चाळीस-पन्नास पावसाळे पाहिलेले असतात आणि ते त्यांच्यावर दिसतातही. खालचे प्रश्न अशा निगेटिव्ह घरीच स्कॅन करू पाहणाऱ्यांनी विचारलेले आहेत. उत्तरांमागचं माझं मत आधीच सांगून ठेवतो: निगेटिव्हला हात जितका कमी लागेल तितका बरा. स्कॅनवरचा डाग आज नाही तर पुढच्या वर्षी काढता येईल, पण पुसताना निघून गेलेला चेहरा परत येत नाही.

डाग धुळीचा, ओरखड्याचा की बुरशीचा, हे कसं ओळखायचं?

निगेटिव्हवर धूळ बसली की तिथून प्रकाश जात नाही. स्कॅन उलटा करून पॉझिटिव्ह केला की ती जागा पांढरी दिसते. म्हणून धुळीचे कण पांढरे ठिपके म्हणून येतात आणि कापसाचे तंतू पांढरे, वळलेले धागे म्हणून. स्लाइडवर हेच काळं दिसतं.

ओरखड्यांचे दोन प्रकार आहेत. फिल्मच्या चकचकीत बाजूवरचा, म्हणजे नुसत्या प्लास्टिकवरचा ओरखडा प्रकाश विखुरतो आणि पांढरी रेघ देतो. मंद दिसणाऱ्या बाजूवर, जिथे चित्र असतं, तिथे इमल्शनच खरवडलं गेलं असेल तर पॉझिटिव्हमध्ये काळी रेघ येते. काळ्या रेघेच्या जागी चित्रच उरलेलं नाही, असं समजा.

बुरशीला कडा सरळ नसतात. एका बिंदूपासून फुटत गेलेले बारीक फाटे, कोळिष्टकासारखी जाळी किंवा मधे फिकट आणि कडेला गडद असे गोल डाग दिसतात. स्कॅनर नसेल तर निगेटिव्ह खिडकीपाशी तिरपी धरून बघा. चकाकणाऱ्या पृष्ठभागावर मंद, खरखरीत चट्टे दिसले तर ती बुरशी. मऊ, लव आल्यासारखी दिसत असेल तर ती अजून जिवंत आहे. कोरडी, भुकटीसारखी असेल तर बहुधा सुप्त.

एकच डाग प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी येत असेल तर निगेटिव्हला दोष देऊ नका, काच पुसा. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर पूर्ण लांबीची सरळ रेघ येत असेल तर निगेटिव्ह अडकवायच्या होल्डरच्या टोकाशी जी मोकळी खाच असते, जिथे स्कॅनर प्रकाश मोजून घेतो, तिथे कण अडकलेला असतो.

फिल्मला बुरशी लागतेच का?

कारण चित्र ज्या थरात असतं तो थर जिलेटिनचा असतो. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. बुरशीसाठी ते अन्नच. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी वाढू लागते, आणि मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते. बंद कपाटात सादळलेल्या कागदी पाकिटातल्या निगेटिव्हना हवाही मिळत नाही.

बुरशी फक्त वर बसत नाही. ती विकरं सोडून जिलेटिन विरघळवते आणि त्यात मुळं रोवते. म्हणून पुसून वरची लव गेली तरी खाली खड्डे उरतात.

मग निगेटिव्ह सरळ पाण्याने धुतली तर?

बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्यात घालू नका. हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने झालेलं नुकसान भरून निघत नाही. रोल धुताना स्टुडिओत फिल्म पाण्यातच असते, मग आता काय बिघडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तेव्हाचं जिलेटिन धड होतं. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं. ट्रेमध्ये टाकल्यावर मिनिटाभरात डागाच्या जागचं इमल्शन सुटून तरंगायला लागतं आणि मागे स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिक उरतं.

बुरशीचा मागमूस नसेल आणि फक्त जुन्या धुलाईच्या वेळचे पाण्याचे डाग असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालायचं द्रावण) घालून हलकं धुता येतं. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचे नवे डाग पडतात. हे करण्याआधी आहे त्या स्थितीतला एक स्कॅन करून ठेवाच.

साफ कशाने करायचं?

आधी फक्त हवा. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा रबरी ब्लोअर घ्या. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात. दाबाखालच्या हवेचे डबे तिरपे झाले तर त्यातला द्रव फिल्मवर उडतो, म्हणून मी ते वापरत नाही. ब्लोअरने न गेलेल्या धुळीसाठी मऊ, अँटिस्टॅटिक कुंचला एकाच दिशेने फिरवा. पंखा बंद ठेवा. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला. कापडी मोज्यांचे तंतू चिकटतात.

बऱ्याच निगेटिव्हसाठी एवढं पुरे होतं.

बुरशीची लव अजून दिसत असेल तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेही ९९ टक्के शुद्धतेचं. मेडिकलच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं नको, कारण उरलेलं पाणी असतं. सॅनिटायझर तर अजिबात नको. मायक्रोफायबर किंवा फोटोसाठीचा तंतू न सुटणारा पॅड किंचित ओला करायचा आणि आधी चकचकीत बाजू, मग अगदी हलक्या हाताने इमल्शनची बाजू, एकदाच, न घासता पुसायची. पॅडची वापरलेली बाजू पुन्हा लावायची नाही. आधी रोलच्या टोकाच्या कोऱ्या तुकड्यावर करून बघा. पॅडवर रंग किंवा राखाडी छटा आली तर तिथेच थांबा.

जवळ गॅस किंवा निरांजन नको, खिडक्या उघड्या हव्यात. बुरशीची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून एन-९५ मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्यांच्यापासून लांब करा.

जुन्या स्टुडिओच्या मोठ्या निगेटिव्हबाबत एक खास सूचना. त्या काळी रिटचर मंडळी इमल्शनवर वार्निश लावून पेन्सिलीने चेहऱ्यावरचे व्रण, सुरकुत्या भरत असत. पार्श्वभूमी झाकायला लाल रंगही लावत. तिरप्या उजेडात गालांवर पेन्सिलीच्या बारीक रेघोट्या दिसल्या तर अल्कोहोल लावू नका. ती धूळ नाही, एका कारागिराचं काम आहे, आणि अल्कोहोलने ते वार्निशसकट निघून येतं.

ऊन दाखवलं तर बुरशी मरेल ना? डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर?

पापड-कुरडयांना चालतं ते फिल्मला चालत नाही. कडक उन्हात फिल्म वळते, जिलेटिन तडकतं आणि रंगीत निगेटिव्हचे रंग फिके पडतात. हेअर ड्रायरचंही तेच. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नका. कापूरही नको.

बुरशी थांबवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कोरडेपणा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ती सुप्त होते. मरत नाही, पण वाढतही नाही.

स्कॅनरमधलं इन्फ्रारेड क्लीनिंग म्हणजे काय, आणि ते माझ्या निगेटिव्हवर चालेल का?

रंगीत निगेटिव्हमध्ये धुलाईनंतर चांदी उरत नाही, फक्त रंगद्रव्यं उरतात. ती रंगद्रव्यं इन्फ्रारेड प्रकाश आरपार जाऊ देतात. धूळ, तंतू, ओरखडे मात्र तो अडवतात किंवा विखुरतात. त्यामुळे स्कॅनरने नेहमीच्या लाल, हिरव्या, निळ्यासोबत चौथं इन्फ्रारेड चित्र घेतलं की त्यात फोटो जवळपास दिसत नाही, फक्त दोष दिसतात. तो नकाशा वापरून सॉफ्टवेअर तेवढ्याच जागा आजूबाजूच्या तपशिलाने भरतं. ही पद्धत अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या अप्लाइड सायन्स फिक्शन या कंपनीने डिजिटल आइस या नावाने आणली. २००३ मध्ये ती कंपनी कोडॅकने घेतली. कॅनन तिला फेअर म्हणतं. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरपैकी सिल्व्हरफास्टमध्ये तिचं नाव आयएसआरडी आहे आणि व्ह्यूस्कॅनमध्ये ती ‘इन्फ्रारेड क्लीन’ म्हणून दिसते.

आता महत्त्वाचं: कृष्णधवल निगेटिव्हवर ती बंद ठेवा. तिथे चित्र चांदीचंच असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. जिथे चांदी दाट, म्हणजे पॉझिटिव्हमधला पांढरा सदरा, धोतर, आकाश, तिथे सॉफ्टवेअरला सगळीच धूळ दिसते आणि ते चित्रच पुसायला लागतं. सदऱ्याच्या चुण्या गायब होतात, कडा वितळल्यासारख्या दिसतात. याला अपवाद इलफर्ड एक्सपी-२ सारख्या, रंगीत रसायनात धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्मचा. त्यांच्यात चांदी उरत नाही, म्हणून तिथे इन्फ्रारेड चालतं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेल्या कोडॅक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) स्लाइड्स असतील तर जपून. त्यांचं एक रंगद्रव्य इन्फ्रारेड काही प्रमाणात अडवतं. साध्या सेटिंगमध्ये गडद भागात चुका होतात. सॉफ्टवेअरमध्ये कोडॅक्रोमसाठी वेगळी सोय असेल तर तीच निवडा.

इन्फ्रारेड सर्वात हलक्या पातळीवर ठेवणं मला पटतं. जोरदार पातळीवर केसांच्या बटा आणि साडीचं सूत मऊ पडतं.

रंगीत निगेटिव्हवर इन्फ्रारेड लावूनही पिवळट डाग राहिले. असं का?

कारण तिथे वर काही बसलेलं नाही, आतलं काहीतरी गेलं आहे. रंगीत निगेटिव्हमध्ये थर एकावर एक असतात आणि पिवळ्या रंगद्रव्याचा थर सगळ्यात वर असतो. बुरशी वरून खात येते, म्हणून पहिलं नुकसान त्याचं. निगेटिव्हमधलं पिवळं गेलं की उलट्या चित्रात तिथे पिवळसर डाग येतो. रंगद्रव्य असो वा नसो, इन्फ्रारेडला दोन्ही सारखंच पारदर्शक, त्यामुळे त्याला हा दोष दिसत नाही.

यातली चांगली बाजू अशी की खालचे थर बहुतेक शाबूत असतात. फोटोशॉपमध्ये एकेक चॅनल वेगळा उघडून बघा. लाल आणि हिरव्यात चित्र स्वच्छ आणि निळ्यात घाण, असं दिसलं तर फक्त निळा चॅनल निवडून हीलिंग ब्रश तिथेच चालवा. उरलेल्या दोन चॅनलमधला चेहऱ्याचा तपशील तसाच राहतो आणि दुरुस्ती ओळखूही येत नाही. सगळ्या चॅनलवर एकदम ब्रश फिरवला तर हा शाबूत तपशीलही हकनाक जातो.

कृष्णधवल निगेटिव्हवरचे डाग मग कसे काढायचे?

हाताने. दुसरा चांगला उपाय नाही, पण पद्धत लावली तर काम आवाक्यात येतं.

समजा, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला लग्नाचा फोटो आहे. वधू-वर अंगणात, मागे मांडव, डाव्या वरच्या कोपऱ्यातून बुरशीचे फाटे वधूच्या कपाळापर्यंत आलेले. फाइल उघडली की मूळ लेयरला हात न लावता वर रिकामा लेयर घ्या आणि ब्रशला ‘सँपल ऑल लेयर्स’ लावा. फोटो १०० टक्के मोठा करून एका कोपऱ्यातून सुरुवात करा आणि ओळीने सरकत जा. दिसेल तिथे उडी मारत गेलात तर निम्मे ठिपके राहून जातात.

आधी सपाट भाग: आकाश, भिंत, जमीन. तिथे स्पॉट हीलिंग ब्रश ठिपक्याहून जेमतेम मोठा ठेवून एक टिचकी पुरते. मग कडा. पदराचा काठ बुरशीने कापलेला असेल तिथे हीलिंग ब्रश दोन्हीकडचे रंग मिसळून धूसर करतो, म्हणून क्लोन स्टँप घ्या. काठाचाच न बिघडलेला भाग उचलून त्याच कोनात जुळवून बसवा. चेहरा सगळ्यात शेवटी, लहान ब्रशने आणि कमी अपारदर्शकतेने, थोडं थोडं करत. अधूनमधून पूर्ण फोटो एकदा बघा. १०० टक्क्यांवर खटकणारी बरीचशी गोष्ट छापील आकारात दिसतही नाही.

‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ फिल्टर पूर्ण फोटोवर लावू नका. त्याला धुळीचा ठिपका आणि मुंडावळ्यांतला मोती यांतला फरक कळत नाही. नथ, कुंकू, बांगड्यांवरची चमक, सगळं सरसकट पुसलं जातं. लावायचाच असेल तर वेगळ्या लेयरवर लावा, त्यावर काळा मास्क टाका आणि आकाश-भिंतीपुरता तो पांढऱ्या ब्रशने उघडा.

फोटोशॉप नसेल तर जिंप मोफत आहे. त्यात हील आणि क्लोन दोन्ही अवजारं आहेत, आणि रिसिंथेसायझर हे प्लगइन टाकलं तर मोठे डागही भरता येतात. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निगेटिव्ह उलटी करायला निगाडॉक्टर आहे, सोबत रिटच मॉड्यूल.

एआय एका टिचकीत सगळं साफ करतं. मग एवढा खटाटोप कशाला?

आकाशावरचे ठिपके, भिंत, जमीन यांसाठी खुशाल वापरा. चेहऱ्यासाठी माझा स्पष्ट विरोध आहे. बुरशीने खाल्लेला डोळा असं सॉफ्टवेअर परत आणत नाही, कुठल्यातरी दुसऱ्या माणसाचा डोळा बनवून बसवतं. तो सुंदर दिसतो, म्हणूनच घात होतो. आजी ज्यांनी पाहिलेली आहे त्यांना ते खटकेल. पण तिला न पाहिलेली नातवंडं तोच चेहरा तिचा समजतील. अर्धा डाग तसाच ठेवा, पण चेहरा खरा ठेवा. एआयने बनवलेली प्रत घरच्यांना हवीच असेल तर फाइलच्या नावात तसं लिहा आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

स्कॅनर कोणता घ्यावा? मोबाइल किंवा कॅमेऱ्याने जमेल का?

रंगीत ३५ मिमीचे रोल खूप असतील तर इन्फ्रारेड असलेला स्कॅनर वेळ वाचवतो. प्लसटेक ऑप्टिकफिल्मच्या ८२००आय मध्ये ते आहे, ८१०० मध्ये नाही. दोन्ही फक्त ३५ मिमी घेतात. १२० च्या, म्हणजे ३५ मिमीपेक्षा रुंद रोलच्या निगेटिव्हही असतील तर एप्सनचे व्ही-६०० किंवा व्ही-८५० सारखे फ्लॅटबेड. निकॉनचे कूलस्कॅन उत्तम आहेत, पण त्यांचं उत्पादन केव्हाच थांबलं. शिवाय त्यांचा एकवटलेला प्रकाश प्रत्येक ओरखडा ठळक दाखवतो.

सगळं कृष्णधवलच असेल तर इन्फ्रारेडचा उपयोग नाही. तिथे डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि चांगल्या प्रतीचं एलईडी पॅनल ही जोडी मला जास्त आवडते. निगेटिव्ह पॅनलला टेकवू नका, काही सेंटिमीटर वर धरा. म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसबाहेर जाते आणि प्रकाश पसरल्यामुळे चकचकीत बाजूचे ओरखडेही सौम्य होतात. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये टिपा. मोबाइल फक्त काय आहे ते बघून निवड करण्यापुरता.

किती डीपीआय (दर इंचाला किती ठिपके)?

३५ मिमीला ३२०० पुरे: सुमारे ४५३५ बाय ३०२४ पिक्सेल. सहा-बाय-सहाच्या १२० निगेटिव्हला २४०० डीपीआयवर सुमारे ५२९० पिक्सेलची बाजू मिळते. फ्लॅटबेडच्या खोक्यावर छापलेला ६४०० चा आकडा प्रत्यक्ष तपशिलात उतरत नाही. क्लिक थ्रीसारख्या साध्या भिंगाच्या कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात तर तेवढा तपशील मुळातच नसतो, जास्त डीपीआयवर फक्त बुरशी जास्त स्पष्ट होते.

मूळ फाइल कशी जपायची?

१६ बिट टिफ, कुठलीही दुरुस्ती न केलेली. व्ह्यूस्कॅनमध्ये इन्फ्रारेड चॅनलसकट रॉ फाइल साठवता येते, सिल्व्हरफास्टमध्येही तशी सोय आहे. रंगीत निगेटिव्हसाठी तीच ठेवा. पुढे चांगलं सॉफ्टवेअर आलं तर निगेटिव्हला पुन्हा हात न लावता नव्याने सफाई करता येईल. दुरुस्त प्रत वेगळी, नातेवाइकांना पाठवायची जेपेग वेगळी.

पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. ही बुरशीच का?

नाही. तो अ‍ॅसिटेट फिल्मचा पायाच विघटित होत असल्याचा वास आहे. ते थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त लांबवता येतं. अशा निगेटिव्ह बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा, कारण त्यातून निघणारं आम्ल शेजारच्यांनाही लागतं. स्कॅनिंगच्या रांगेत त्यांना सगळ्यात पुढे घ्या. उशीर झाला की प्लास्टिक आकसतं, इमल्शनला वळ्या पडतात आणि होल्डरमध्ये ती सपाट बसत नाही.

१९५० च्या आधीच्या निगेटिव्हच्या कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल, किंवा ‘नायट्रेट’ असं छापलेलं असेल, तर ती ज्वलनशील नायट्रेट फिल्म असू शकते. तिला अल्कोहोल लावू नका, तापणाऱ्या दिव्यावर धरू नका आणि तज्ज्ञाला दाखवा. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला.

पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आहेत. ओढून सोडवू का?

नको. इमल्शन एकीवरून दुसरीवर निघून येतं. आहेत तशा कोरड्या जागी ठेवा आणि फोटोंचं काम करणाऱ्या संवर्धकाकडे द्या.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह कशात ठेवायच्या?

पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पट्ट्यांच्या पाकिटात. पीव्हीसी नको, आणि जुनं बटर पेपरचं पाकीटही नको, ते ओल धरतं आणि फिल्मला चिकटतं. पण फेकण्याआधी त्यावर लिहिलेलं गाव, साल, स्टुडिओचं नाव उतरवून घ्या. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून कोरडं करा, स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहायला हवी. डबा कोरड्या दिवसांत बंद करा, आषाढात उघडू नका. सफाई आणि स्कॅनिंगसाठी दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात चांगले.

घरी जमणार नाही. स्टुडिओत देताना काय विचारावं?

साफ कशाने करणार, हे आधी विचारा. ‘धुऊन देतो’ असं उत्तर आलं आणि निगेटिव्हवर बुरशी असेल तर परत घेऊन या. कृष्णधवलवर इन्फ्रारेड बंद ठेवणार का, न सुधारलेली टिफ देणार का, हेही विचारा. सुरुवातीला एकच पट्टी द्या आणि तिचा स्कॅन १०० टक्क्यांवर बघा. लांब पट्ट्या कापू नयेत आणि ज्या क्रमाने दिल्या त्याच क्रमाने परत मिळाव्यात, हे पावतीवर लिहून घ्या.